मास स्पेक्ट्रोमीटर घेताना: रसायनशास्त्र विभागांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठातील मध्यवर्ती उपकरण केंद्रात काम करताना संलग्न महाविद्यालयांचे विभागप्रमुख, नव्याने रुजू झालेले प्राध्यापक आणि कधी कधी लेखा विभागातील सहकारीही मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राविषयी तेच तेच प्रश्न मला पुन्हा पाठवतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एकाच मुद्द्याचा दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. खरेदीचे नियम आणि कराचे दर बदलत असतात, म्हणून प्रस्ताव पाठवण्यापूर्वी त्या त्या वेळचे परिपत्रक वित्त अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावे.

१. आमच्याकडे एनएमआर आणि आयआरची सोय आहे. मग मास स्पेक्ट्रोमीटर वेगळा कशाला हवा?

एनएमआर अणूंची मांडणी सांगतो, आयआर कार्यकारी गट (रेणूतील वैशिष्ट्यपूर्ण अणुसमूह) दाखवतो, पण रेणूचे वस्तुमान थेट कोणीच सांगत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नमुन्याचे आयन तयार होतात, निर्वातात ते वस्तुमान आणि विद्युतभार यांच्या गुणोत्तरानुसार वेगळे केले जातात आणि मोजले जातात. या गुणोत्तराला आपण सगळे एम/झेड म्हणतो. दुसरा मोठा फरक प्रमाणाचा आहे. एनएमआरसाठी काही मिलिग्रॅम पदार्थ सहज लागतो, तर येथे नॅनोग्रॅम आणि त्याहूनही कमी प्रमाणात काम होते. तिसरी गोष्ट अशी की जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) किंवा एलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) जोडलेली असेल तर मिश्रण आधी वेगळे करून मग प्रत्येक घटकाचे वस्तुमान मिळते, त्यामुळे अभिक्रिया कुठवर आली हे शुद्धीकरणाआधीच कळते. प्रयोगशाळेत विद्यार्थी एकमेकांना ‘मास आला का?’ असे विचारतात, ते याच अर्थाने.

२. जीसी-एमएस, एलसी-एमएस, क्यूटॉफ, ऑर्बिट्रॅप, मॅल्डी, आयसीपी-एमएस: यांतले आमच्या विभागाने नेमके काय घ्यावे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर माहितीपत्रकांत सापडत नाही, ते आपल्याच नोंदवह्यांत सापडते. गेल्या तीन वर्षांत विभागाने बाहेर कोठे कोणते नमुने पाठवले, ते बाष्पनशील होते की नव्हते, वस्तुमान किती होते आणि त्यातून नेमके काय हवे होते, याची यादी एका कागदावर करावी. ही यादी केल्याशिवाय विक्री प्रतिनिधींना बोलावू नये, कारण त्यांच्यासमोर बसल्यावर आपली गरज आपोआप त्यांच्या यंत्राच्या आकाराची होऊ लागते.

बाष्पनशील तेले, मेदाम्लांचे एस्टर, विद्रावके, लहान सेंद्रिय रेणू असे नमुने असतील तर एकेरी क्वाड्रुपोलचा (चार दांड्यांमधून ठरावीक एम/झेडचेच आयन पुढे जाऊ देणाऱ्या गाळणीचा) जीसी-एमएस हे सर्वांत भक्कम आणि शिकवण्यास सर्वांत सोपे यंत्र आहे. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने आयनीभवन बहुधा ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टलाच केले जाते, त्यामुळे जगभरचे वर्णपट (एम/झेडनुसार शिखरे दाखवणारे आलेख) एकमेकांशी जुळतात आणि वर्णपटांच्या संग्रहाशी तुलना करता येते. सेंद्रिय संश्लेषण करणाऱ्या गटांचे संयुग तापवल्यावर विघटित होत असेल, ध्रुवीय असेल, तर इलेक्ट्रोस्प्रे (द्रावणाची विद्युतभारित फवारणी करून आयन बनवण्याची पद्धत) असलेला एलसी-एमएस लागतो. शोधनिबंधासाठी अचूक वस्तुमान हवे असेल तर क्यूटॉफ (क्वाड्रुपोलला आयनांचा उड्डाणकाल मोजणारी नळी जोडलेले यंत्र) किंवा ऑर्बिट्रॅप (आयनांना एका दांड्याभोवती फिरवून मोजणारे यंत्र), आणि त्याविषयी प्रश्न ३ पाहावा.

अवशेषांचे अत्यल्प प्रमाण मोजायचे असेल तर चित्र बदलते. नाशिक पट्ट्यातील निर्यातक्षम द्राक्षांमधील कीटकनाशकांचे अंश मोजणे हे त्याचे आपल्या सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात हे काम वर्षानुवर्षे चालते. अशा कामासाठी तिहेरी क्वाड्रुपोल लागतो. अचूक वस्तुमान देणे हे त्याचे काम नसते. ठरलेल्या आयनापासून ठरलेला तुकडा तयार होताना तो पाहतो आणि गर्दीतून नेमके तेवढेच मोजतो. बहुवारिके आणि प्रथिने यांसाठी मॅल्डी-टॉफ (लेसरने आयन बनवून त्यांचा उड्डाणकाल मोजणारे यंत्र), तर विहिरीच्या पाण्यातील आर्सेनिक, शिसे अशा मूलद्रव्यांसाठी आयसीपी-एमएस (अतितप्त प्लाझ्मात नमुन्याचे अणू वेगळे करून मोजणारे यंत्र) योग्य ठरतो. आयसीपी-एमएस सेंद्रिय रेणूची ओळख पटवून देत नाही, हे वेगळे सांगावे लागते, कारण ‘सगळे मोजणारे यंत्र’ म्हणून त्याचे प्रस्ताव आलेले मी पाहिले आहेत.

३. हाय रिझोल्यूशनची खरोखर गरज असते का? एकेरी क्वाड्रुपोलही वस्तुमान देतोच ना?

देतो, पण पूर्णांकाच्या आसपास. हा फरक २८ या आकड्यावर नीट दिसतो. कार्बन मोनॉक्साइडचे वस्तुमान २७.९९४९, नायट्रोजनचे २८.००६१ आणि एथिलीनचे २८.०३१३ आहे. क्वाड्रुपोलला हे तिन्ही ‘२८’च दिसतात. पहिल्या दोघांमधील ०.०११२ एवढे अंतर वेगळे करण्यासाठी सुमारे २,५०० रिझोल्यूशन (वस्तुमान भागिले अंतर) लागते, आणि आजचे क्यूटॉफ त्याच्या कितीतरी पट रिझोल्यूशन देतात.

संश्लेषण करणाऱ्या गटाला याचा उपयोग रेणुसूत्र सिद्ध करण्यासाठी होतो. कॅफीनचा एक प्रोटॉन जोडलेला आयन १९५.०८७७ ला दिसायला हवा. नियतकालिके साधारणपणे ५ पीपीएमच्या (दशलक्षात पाच भागांच्या) आतली चूक मान्य करतात, म्हणजे या आयनासाठी ०.००१ एवढी. नवी संयुगे प्रसिद्ध करणारे गट विभागात असतील तर हाय रिझोल्यूशनची मागणी योग्य आहे. पदव्युत्तर प्रात्यक्षिके आणि अभिक्रियांचा पाठपुरावा एवढेच काम असेल तर एकेरी क्वाड्रुपोल पुरतो आणि अचूक वस्तुमानाचे थोडे नमुने बाहेर पाठवणे शहाणपणाचे ठरते.

४. आमचे वर्षाला जेमतेम दीडशे नमुने होतात. तरीही स्वतःचे यंत्र घ्यावे का?

केवळ संशोधनाचा हिशेब असेल तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मास स्पेक्ट्रोमीटर बंद ठेवून टिकत नाही. निर्वात कायम राखावा लागतो, पंप चालू ठेवावे लागतात, वायू वाहत राहतो, आणि नमुना आला नाही तरी खर्च थांबत नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने उभारलेली सैफ केंद्रे (बाहेरच्यांचेही नमुने तपासणारी सामायिक उपकरण केंद्रे) याच कारणासाठी आहेत. महाराष्ट्रात पवईच्या आयआयटी मुंबईत, नागपूर विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशी केंद्रे आहेत. २०२० च्या जानेवारीत सुरू झालेल्या आय-स्टेम या पोर्टलवर देशभरातील उपकरणे शोधून वेळ आरक्षित करता येते.

मात्र हिशेबात अध्यापन धरले तर उत्तर बदलू शकते. पाठवलेल्या नमुन्याचा कागद परत येतो, त्यातून विद्यार्थी यंत्र शिकत नाही. दरवर्षी साठ पदव्युत्तर विद्यार्थी प्रत्येकी दोन वेळा यंत्रावर बसणार असतील, तर त्या तासांची नोंद प्रस्तावात स्वतंत्रपणे करावी. मूल्यमापन समितीला नमुन्यांच्या संख्येइतकेच ते तासही पटतात. प्रश्न १४ पाहावा.

५. निधी कोठून मिळू शकतो?

पदव्युत्तर विभागांसाठी २००० साली सुरू झालेली केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना आजही सर्वांत ओळखीचा मार्ग आहे. ती व्यक्तीला न देता विभागाला दिली जाते आणि तिचा कालावधी ५ वर्षांचा असतो. विद्यापीठाच्या एकूण संशोधन कामगिरीवर आधारलेली पर्स योजना, २०१३ च्या रुसाची (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाची) जागा घेणारी पीएम-उषा, आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या योजना हे पुढचे पर्याय आहेत. या फाउंडेशनच्या ‘पेअर’ योजनेत एक अग्रणी संस्था आणि तिच्याशी जोडलेली विद्यापीठे एकत्र अर्ज करतात, त्यामुळे एका यंत्रावर अनेकांचा हक्क लिहून ठेवता येतो. वैयक्तिक संशोधन प्रकल्पातून मोठे यंत्र घेणे शक्य असले तरी प्रकल्प संपल्यावर त्याच्या देखभालीचा वाली कोण, हे आधी ठरवावे.

६. प्रस्तावात किती रक्कम धरावी? कंपनीचा अंदाजपत्रकी दर पुरतो का?

पुरत नाही. साध्या जीसी-एमएसची किंमत सहसा कोटीच्या आत असते, तर क्यूटॉफ आणि ऑर्बिट्रॅप काही कोटींत जातात. पण अंदाजपत्रकी दरात जे नसते तेच पुढे अडवते. ऑनलाइन यूपीएस, स्वतंत्र अर्थिंग, वातानुकूलन, नायट्रोजन जनरेटर व त्याचा कॉम्प्रेसर, वायूची नळजोडणी, एक्झॉस्ट, वर्णपटांचा संग्रह, एक जास्तीचा संगणक, पहिल्या वर्षाची विद्रावके आणि कॉलम (मिश्रण वेगळे करणाऱ्या नळ्या): हे सगळे वेगळ्या शीर्षांखाली लिहावे.

चालू खर्चाचा अंदाज कसा करावा हे हेलियमच्या उदाहरणावरून कळेल. जीसीच्या कॉलममधून मिनिटाला साधारण १ मिलिलिटर हेलियम हा नमुना वाहून नेणारा वायू जातो, म्हणून सिलिंडर वर्षानुवर्षे पुरेल असा समज होतो. प्रत्यक्षात बराचसा वायू स्प्लिटमधून (जादा वायू सोडून देणाऱ्या वाटेने) बाहेर पडतो. एकूण प्रवाह मिनिटाला ६० मिलिलिटर असेल तर दिवसाला सुमारे ८६ लिटर जातात आणि ७ घनमीटरचा सिलिंडर पावणेतीन महिन्यांत संपतो. नमुना आत गेल्यानंतर गॅस सेव्हर लावून तोच प्रवाह २० वर आणला तर दिवसाला सुमारे २९ लिटर लागतात आणि सिलिंडर आठ महिने चालतो. हेलियमसाठी आपण आयातीवर अवलंबून आहोत आणि त्याचे दर एकाएकी चढतात, त्यामुळे ही एक मांडणी बदलल्याने वर्षाकाठी होणारी बचत मोठी असते.

७. खोली तयार करताना काय पाहावे?

यंत्र येण्यापूर्वी कंपनीकडून ‘साइट प्रिपरेशन’ची पुस्तिका मागवून ती बांधकाम विभागाच्या अभियंत्याच्या हातात द्यावी. तापमान २० ते २५ अंश आणि स्थिर हवे. टॉफमध्ये आयन लांब नळीतून उडतात आणि नळीची लांबी तापमानाने किंचित जरी बदलली तरी वस्तुमान सरकते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता हा खरा शत्रू असतो, तेथे एसीबरोबर डीह्युमिडिफायरचीही तरतूद करावी.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. निर्वात करणाऱ्या रोटरी पंपाचा धूर आणि इलेक्ट्रोस्प्रेच्या सोर्समधील (आयन तयार होण्याच्या जागेतील) वाफा यांच्या नळ्या वेगवेगळ्या बाहेर काढाव्यात, एकाच नळीला जोडू नयेत, अन्यथा पंपातील तेलाची वाफ सोर्सकडे येऊ शकते. आणि दरवाजा मोजावा. खोक्याची उंची, लिफ्टची रुंदी आणि जिन्याचे वळण यांची मापे घेऊन ती निविदेच्या जोडपत्रात द्यावीत.

८. आमच्याकडे वीज वारंवार जाते. यंत्राला धोका आहे का?

आहे. उच्च निर्वात राखणाऱ्या टर्बो पंपाची पाती मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत असतात. वीज गेली की ती मंदावतात, निर्वात ढळतो, आणि पुन्हा पूर्ववत होण्यास काही तासांपासून एक दिवसापर्यंत वेळ लागतो. असे वारंवार झाले तर पंपाचे आणि इलेक्ट्रॉनिक भागांचे आयुष्य घटते. सुमारे १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, निदान अर्ध्या तासाची बॅटरी आणि त्यामागे विद्यापीठाचा जनरेटर अशी साखळी असावी. रोटरी पंप सुरू होताना जास्त प्रवाह ओढतो, म्हणून यूपीएसची क्षमता नेमकी बेतास बात ठेवू नये. अर्थिंगसाठी यंत्राचा स्वतंत्र खड्डा घ्यावा, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातील व्होल्टता २ च्या आत आहे ना, हे उन्हाळ्यात, जमीन कोरडी पडलेली असताना पुन्हा मोजावे. जूनमध्ये मोजलेले अर्थिंग मे महिन्यात तसेच राहील असे समजू नये.

९. खरेदी जेमवरून करायची, महाटेंडर्सवरून, की जागतिक निविदा काढायची?

जेम हे केंद्राचे आणि महाटेंडर्स हे राज्याचे खरेदी पोर्टल आहे. कोणता मार्ग घ्यायचा हे पैसा कोणाचा आहे यावर ठरते. राज्य विद्यापीठाच्या स्वनिधीतील खरेदीला राज्याचे खरेदी धोरण आणि विद्यापीठाची लेखासंहिता लागू होते. केंद्राच्या अनुदानातून खरेदी असेल तर मंजुरीपत्रातील अटी वाचाव्यात, कारण तेथे बहुधा २०१७ चे सामान्य वित्तीय नियम पाळण्याची अट असते. निविदेला किमान तीन आठवडे, आणि परदेशातूनही बोली अपेक्षित असतील तर चार आठवडे मुदत द्यावी लागते.

२०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीत जागतिक निविदा सहसा काढता येत नाही, ती सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच काढता येते. मास स्पेक्ट्रोमीटर आपल्याकडे बहुतांश आयात होतात, त्यामुळे ही अट विभागांना थेट भिडते. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीच्या मर्यादा वाढवल्या आणि अशी मंजुरी देण्याचा अधिकार कुलगुरू व संचालकांच्या पातळीवर आणला. आपली संस्था त्या सवलतीत बसते का, याचे उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे. स्थानिक मूल्यवर्धन ५० टक्के वा अधिक असलेले पुरवठादार पहिल्या वर्गात, २० ते ५० टक्के असलेले दुसऱ्या वर्गात मोडतात. त्याहून कमी असलेले पुरवठादार फक्त जागतिक निविदेत भाग घेऊ शकतात. भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील बोलीदारांसाठी २०२० पासून वेगळ्या नोंदणीची अट आहे, तिचे प्रतिज्ञापत्र विसरल्याने चांगली बोली बाद होऊ शकते.

१०. आम्हाला एका विशिष्ट कंपनीचेच यंत्र हवे आहे. एकाच पुरवठादाराकडून घेता येते का?

तशी तरतूद आहे. ती वस्तू केवळ एकच निर्माता बनवतो आणि दुसऱ्या कोणत्याही बनावटीची वस्तू चालणार नाही, असे प्रमाणपत्र द्यावे लागते. हे प्रमाणपत्र विभागप्रमुखाच्या सहीने जाते आणि लेखापरीक्षणात त्यांनाच उत्तर द्यावे लागते. विभागात त्या कंपनीचे जुने यंत्र आहे, आमचा हात त्यावर बसला आहे, असे कारण पुरेसे ठरत नाही. विशिष्ट आयन-मोबिलिटी पद्धत (आयन त्यांच्या आकारानुसार वेगळे करणारी) संशोधनाच्या विषयाचाच गाभा आहे आणि ती फक्त एकाच रचनेत मिळते, अशा प्रकारचे शास्त्रीय कारण असेल तरच हा मार्ग घ्यावा. अन्यथा खुली निविदा काढून तपशील विचारपूर्वक लिहावेत.

११. निविदेतील तांत्रिक तपशील कसे लिहावेत?

यंत्र काय करून दाखवील ते लिहावे, ते कसे बांधलेले असावे हे शक्य तितके टाळावे. एखाद्या माहितीपत्रकातील आकडे जसेच्या तसे उतरवले की दुसऱ्या कंपनीचा आक्षेप ठरलेला, आणि तो आक्षेप योग्यही असतो.

संवेदनशीलतेबाबत जपून राहावे. जीसी-एमएससाठी १ पिकोग्रॅम ऑक्टाफ्लुओरोनॅप्थलीन आणि एलसी-एमएससाठी १ पिकोग्रॅम रिसर्पिन टोचून संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर सांगण्याची प्रथा आहे. हे गुणोत्तर गोंगाट कोठे मोजला यावर कितीही मोठे दाखवता येते. आधाररेषेचा शांत तुकडा निवडला की आकडा फुगतो. त्याऐवजी कमी प्रमाणाचा एकच नमुना सलग आठ वेळा टोचून क्षेत्रफळातील विचलनावरून काढलेली शोधमर्यादा मागावी. त्यात हातचलाखीला जागा कमी राहते. वस्तुमानाची अचूकता बाह्य अंशांकनाने (ज्ञात पदार्थ आधी वेगळा मोजून केलेल्या मापजुळणीने) आणि काही तासांच्या अंतराने मागावी. अंशांकनानंतर लगेच कोणतेही यंत्र चांगले दिसते.

त्याखेरीज सॉफ्टवेअरचे किमान पाच परवाने, विश्लेषणासाठी वेगळ्या संगणकावर चालणारी प्रत, आणि आकडेवारी खुल्या स्वरूपात बाहेर काढण्याची सोय या तीन ओळी आवर्जून लिहाव्यात. साठ विद्यार्थी एका संगणकासमोर रांग लावून वर्णपट वाचू शकत नाहीत. बोलीपूर्व बैठक जरूर घ्यावी आणि तेथे ठरलेले बदल शुद्धिपत्रकाने सर्वांना कळवावेत.

१२. प्रात्यक्षिक पाहायला बोलावतात. तेथे काय पाहावे?

कंपनीचा नमुना पाहू नये, आपला न्यावा. चार कुप्या न्याव्यात: एक स्वच्छ आणि माहीत असलेले संयुग, एक दोन संयुगांचे मिश्रण, एक घाणेरडा प्रत्यक्ष नमुना आणि एक कोरे विद्रावक. कुप्यांवर फक्त क्रमांक लिहावेत. कोऱ्या विद्रावकात यंत्र काय दाखवते यावरून त्याची निगा कळते. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये ३९१ ला ठळक शिखर दिसले तर ते प्लास्टिकमधील थॅलेट असण्याची शक्यता मोठी. ४४ च्या अंतराने शिखरांची माळ दिसली तर ती पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, बहुधा साबणातून आलेली. अभियंता ते ओळखून मोकळेपणाने सांगतो का, याकडेही लक्ष द्यावे, कारण पुढची दहा वर्षे तोच माणूस फोन उचलणार आहे.

१३. सीमाशुल्क, जीएसटी आणि वॉरंटी यांत कोठे फसायला होते?

केंद्राच्या डीएसआयआरकडे (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाकडे) नोंदणी असलेल्या संशोधन संस्थांना सीमाशुल्कात सवलत मिळत आली आहे. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हे ऑर्डर देण्यापूर्वी पाहावे. संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत मात्र १८ जुलै २०२२ पासून काढून घेण्यात आली, आणि यंत्रावर १८ टक्के कर धरावा लागतो. जुना प्रस्ताव नक्कल करून पाठवणाऱ्यांचे अंदाजपत्रक नेमके येथेच कोसळते. किंमत डॉलर किंवा युरोमध्ये असेल तर मंजुरी आणि पतपत्र (बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट) उघडणे यांमध्ये जाणाऱ्या महिन्यांसाठी विनिमय दराची तरतूद ठेवावी. पतपत्रात ९० टक्के रक्कम जहाजी कागदपत्रांवर आणि १० टक्के यशस्वी उभारणीनंतर, अशी विभागणी प्रचलित आहे. ते १० टक्के हीच आपली शेवटची पकड असते.

वॉरंटीविषयी माझ्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक यंत्र पावसाळ्याच्या तोंडावर आले. खोलीचे वातानुकूलन अपूर्ण होते, म्हणून खोकी सात महिने व्हरांड्यात ताडपत्रीखाली राहिली. उभारणी झाली, आणि अवघ्या पाच महिन्यांनी डिटेक्टर गेला तेव्हा कळले की वर्षभराची वॉरंटी माल रवाना झाल्याच्या तारखेपासून मोजली होती आणि ती संपली होती. करारातील ते वाक्य मीच वाचून पुढे पाठवले होते. तेव्हापासून मी प्रत्येक मसुद्यात ‘वॉरंटी उभारणी व स्वीकृती चाचणी पूर्ण झाल्याच्या तारखेपासून’ हे शब्द स्वतःच्या हाताने अधोरेखित करतो. निविदेत तीन वर्षांची वॉरंटी आणि त्यापुढील पाच वर्षांच्या देखभाल कराराचे दर आजच बांधून घ्यावेत. साध्या वार्षिक करारात फक्त अभियंत्याच्या भेटी येतात. सुटे भागही हवे असतील तर सर्वसमावेशक करार लागतो, आणि त्यासाठी दरवर्षी यंत्राच्या किमतीच्या साधारण ५ ते १० टक्के रक्कम बाजूला ठेवावी.

१४. एवढ्या महागड्या यंत्राला विद्यार्थ्यांना हात लावू द्यावा का?

द्यावा. काचेच्या दाराबाहेरून यंत्र दाखवून विद्यार्थ्यांना परत पाठवणारे विभाग पाहिले की मनापासून वाईट वाटते. सार्वजनिक पैशातून आलेल्या यंत्रावर त्यांचा पहिला हक्क आहे. पण हात लावण्याचा क्रम असावा.

पहिल्या दिवशी नमुना नसतोच. विद्यार्थी जीसी-एमएसच्या पडद्यावर फक्त १८, २८ आणि ३२ ही तीन शिखरे पाहतात: पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन. २८ ची उंची ३२ च्या सुमारे चौपट दिसली तर आत हवा शिरते आहे, कारण हवेतही त्यांचे प्रमाण तेवढेच असते. विद्यार्थिनी कॉलमची नट हलकेच आवळते आणि दोन्ही शिखरे डोळ्यांदेखत खाली बसतात, तेव्हा निर्वात म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. मग अंशांकनाच्या संयुगाची ६९, २१९ आणि ५०२ ही शिखरे.

दुसऱ्या प्रात्यक्षिकात चहाच्या पत्तीतून काढलेले कॅफीन. १९४ ला मूळ आयन, तेथून ५७ गेले की १३७, त्यातून कार्बन मोनॉक्साइडचे २८ गेले की १०९. ही वजाबाकी विद्यार्थी फळ्यावर करतात आणि कोणता तुकडा गेला ते सांगतात. तिसऱ्यात ब्रोमोबेन्झीन: १५६ आणि १५८ ही जवळजवळ सारख्या उंचीची जोडी पाहिली की ब्रोमिनची समस्थानिके पाठ करावी लागत नाहीत. चौथ्यात सांगलीच्या हळदीचे बाष्पनशील तेल आणि त्यातील २१६ वस्तुमानाचा आर-टर्मेरोन. येथे मुद्दाम संग्रहाने सुचवलेले पहिले नाव खोडून दाखवावे. संग्रहाने ९२ टक्के जुळणी दाखवली म्हणजे ओळख पटली असे होत नाही. समघटकांचे वर्णपट बहुधा जुळेच असतात, आणि धारणकाल (कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) प्रमाणित पदार्थाशी ताडून पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. ही सवय एमएस्सीच्या वर्गात लागली नाही तर ती पीएचडीच्या प्रबंधात नडते.

१५. कोणते नमुने घेण्यास नकार द्यावा?

फॉस्फेट बफर असलेला कोणताही नमुना एलसी-एमएसवर घेऊ नये. ते मीठ सोर्समध्ये साचते. त्याऐवजी अमोनियम फॉर्मेट, किंवा ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल वापरण्यास सांगावे. ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल एचपीएलसीला चालते, पण येथे संकेत दाबून टाकते. न गाळलेले, साबणाने धुतलेल्या कुपीतील आणि संहती न लिहिलेले नमुने परत करावेत. संहती न लिहिण्याने होणारे नुकसान सर्वांत मोठे असते, कारण एकाच दाट नमुन्याचा अंश पुढे आठवडाभर सर्वांच्या वर्णपटात दिसत राहतो.

१६. यंत्र कोण चालवणार? स्वतंत्र पद नाही.

हा प्रश्न मंजुरी आल्यानंतर विचारला जातो, तो आधी विचारायला हवा होता. पीएचडीच्या विद्यार्थ्यावर यंत्र सोपवले की तो पदवी घेऊन जातो आणि ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. शास्त्रीय अधिकारी किंवा तांत्रिक सहायकाचे पद मिळेपर्यंत बाहेरच्या नमुन्यांच्या शुल्कातून करार पद्धतीने मानधन देण्याची व्यवस्था व्यवस्थापन परिषदेकडून मंजूर करून घ्यावी, आणि त्या शुल्कावरील जीएसटीबाबत लेखा विभागाचा अभिप्राय फाइलला लावावा. कंपनीच्या प्रशिक्षणाला निदान तिघांना बसवावे. उभारणीच्या आठवड्यात एक प्रशिक्षण आणि सहा महिन्यांनी, प्रश्न पडू लागल्यावर, दुसरे, अशी अट निविदेतच घालावी.

१७. एक औषध कंपनी जुना एलसी-एमएस विनामूल्य देऊ इच्छिते. घ्यावा का?

अध्यापनासाठी जरूर विचार करावा, पण चार गोष्टी लेखी मागाव्यात: सॉफ्टवेअरचा परवाना आपल्या नावे होईल का, टर्बो पंप किती तास चालला आहे, निर्माता त्या प्रतिमानाचे सुटे भाग अजून पुरवतो का, आणि हलवण्याचा व पुन्हा उभारण्याचा खर्च कोण करणार. जुने सॉफ्टवेअर बहुधा जुन्याच विंडोजवर चालते. तो संगणक इंटरनेटला न जोडता जपावा आणि त्याच्या हार्ड डिस्कची प्रत पहिल्याच दिवशी काढावी. परवाना मिळत नसेल तर नम्रपणे नकार द्यावा.

१८. आमचे यंत्र बारा वर्षांचे झाले, भाग मिळत नाहीत. निर्लेखनानंतर त्याचे काय करावे?

निर्लेखनाच्या (यंत्र मालमत्तेच्या नोंदीतून काढून टाकण्याच्या) प्रस्तावात ‘अध्यापनासाठी राखून ठेवण्याचे भाग’ असे जोडपत्र लावता येते. आम्ही तसे करून क्वाड्रुपोल, आयन सोर्स आणि टर्बो पंपाचा उघडा छेद प्रयोगशाळेतील टेबलावर ठेवला आहे. क्वाड्रुपोलचे आकृतीतील चार ठिपके पाहून विद्यार्थ्यांना काही उमजत नाही. वीतभर लांबीचे ते चार घासलेले दांडे हातात घेऊन, त्यांच्यामधून पलीकडच्या खिडकीचा उजेड पाहिला, की आयन कोठून जातो हे ते स्वतःच बोटाने दाखवतात.